सागरी हवामानाचे ॲप निवडताना

कोकणच्या किनाऱ्यावरून समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो हर्णैचा मच्छीमार असो, मालवणात पर्यटकांना होडीतून नेणारा व्यावसायिक असो किंवा मुंबई बंदरात शिडाची नौका चालवणारा हौशी नाविक असो, नांगर उचलण्यापूर्वी आज निघावे की थांबावे हा एक निर्णय घ्यावा लागतो. पूर्वी हा निर्णय आभाळ, वारा आणि पाण्याची चाल पाहून तांडेल घेत असे. आज त्या अनुभवाच्या जोडीला मोबाइलवरील हवामानाची ॲप्स आली आहेत आणि त्यांची संख्या इतकी वाढली आहे की निवड हीच एक अडचण होऊन बसली आहे. ही निवड बहुधा पडद्यावरचे रंग, वाऱ्याचे फिरते झोत किंवा शेजारच्या बोटीवर काय वापरतात यावरून केली जाते. वास्तविक ज्या ॲपवर जिवाचा भरवसा ठेवायचा, त्याने दाखवलेला आकडा कोठून आला, केव्हा तयार झाला आणि नेमक्या कोणत्या जागेसाठी आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे ते देते की नाही हीच निवडीची पहिली कसोटी असायला हवी.

अंदाजाचे मूळ

कोणतेही ॲप स्वतः हवामान मोजत नाही. जगभरातील वेधशाळा, उपग्रह, जहाजे आणि समुद्रात तरंगणारे बोये यांच्या नोंदी महासंगणकांत भरून वातावरणाची पुढील स्थिती गणिताने काढली जाते आणि या गणिती रचनेला प्रारूप किंवा मॉडेल म्हणतात. अमेरिकेचे ‘जीएफएस’, युरोपीय देशांच्या संयुक्त केंद्राचे ‘ईसीएमडब्ल्यूएफ’ आणि जर्मनीचे ‘आयकॉन’ ही जागतिक प्रारूपे सर्वाधिक वापरात आहेत. ‘विंडी’, ‘विंडगुरू’, ‘विंडफाइंडर’, ‘प्रेडिक्टविंड’ यांसारखी लोकप्रिय ॲप्स मुख्यतः अशाच प्रारूपांचे आकडे आपापल्या पद्धतीने मांडतात, काही त्यांत स्वतःच्या गणिताची भर घालतात. म्हणून दोन निराळ्या ॲप्सनी एकच अंदाज दाखवला तर खात्री दुप्पट झाली असे मानणे घातक ठरते, कारण दोन्हींच्या पोटात एकच प्रारूप असू शकते. एकाच ॲपमध्ये दोन किंवा तीन प्रारूपे शेजारी ठेवून पाहण्याची सोय असेल तर ती अधिक उपयोगाची असते, कारण प्रारूपे एकमेकांशी जुळतात तेव्हा अंदाजावर अधिक विसंबता येते आणि ती फाकतात तेव्हा स्थिती अनिश्चित आहे हेच त्यातून कळते.

प्रारूप पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागून गणित करते. जीएफएसची चौकट सुमारे १३ किलोमीटरची, तर ईसीएमडब्ल्यूएफच्या मुख्य प्रारूपाची सुमारे ९ किलोमीटरची असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ६ किलोमीटरच्या चौकटीवर चालते. या आकड्यांचा किनाऱ्यावरील अर्थ असा, की ज्या चौकटीचा अर्धा भाग जमिनीवर आणि अर्धा पाण्यावर पडतो तिच्यात खाडीचे तोंड, भूशिर किंवा बंदराचा आडोसा प्रारूपाला दिसत नाही. पडद्यावर बोट ठेवून पाहिजे त्या बिंदूचा आकडा मिळतो खरा, परंतु तो त्या बिंदूचा नसून चौकटींवरून काढलेला सरासरीसारखा आकडा असतो. प्रारूपाचे नाव सांगणारे ॲप ही मर्यादा निदान उघड करते, तर नाव न सांगणारे ॲप ती झाकून ठेवते.

वेळेबाबतही असेच दक्ष राहावे लागते. जागतिक प्रारूपांची गणिते आंतरराष्ट्रीय वेळेनुसार होतात आणि त्या वेळेत साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते. मध्यरात्री शून्य वाजता सुरू झालेले गणित म्हणजे आपल्याकडील पहाटे साडेपाचचे गणित होय. ते पूर्ण होऊन ॲपवर उमटेपर्यंत आणखी कित्येक तास जातात. त्यामुळे पहाटे चारला निघणाऱ्या बोटीच्या हाती बहुधा आदल्या दिवशीच्या गणिताचा अंदाज असतो. अंदाज केव्हाचा आहे हे ॲपने ठळकपणे दाखवावे आणि तासांचा तक्ता भारतीय वेळेत मांडावा. सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय वेळ राहून गेली तर सायंकाळी साडेपाचला वाढणारा वारा दुपारी बाराच्या रकान्यात दिसेल आणि परतीचा सारा हिशेब चुकेल.

वारा : वेग, झोत आणि दिशा

वाऱ्याचा वेग ॲपमध्ये नॉट, किलोमीटर प्रतितास किंवा मीटर प्रतिसेकंद अशा निरनिराळ्या एककांत दिसतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तर एक मीटर प्रतिसेकंद म्हणजे जवळपास दोन नॉट. भारतीय हवामान विभागाचे इशारे ताशी किलोमीटरमध्ये असतात आणि नाविकांची सवय नॉटची असते, म्हणून एकक बदलण्याची सोय असणे आणि ते एकदाच ठरवून कायम ठेवणे आवश्यक आहे. सरासरी वेगाशिवाय झोताचा, म्हणजे काही क्षणांपुरत्या उसळणाऱ्या वाऱ्याचा, आकडाही ॲपने वेगळा दाखवला पाहिजे, कारण शीड फाटते किंवा लहान होडी कलते ती बहुधा सरासरी वाऱ्याने नव्हे, तर झोताने.

कोकण किनाऱ्यावर हिवाळा आणि उन्हाळ्यात रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. जमीन आणि पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालणारा हा दैनंदिन फेरा मोठ्या चौकटींच्या प्रारूपांना नेमका पकडता येत नाही, विशेषतः खारा वारा सुरू होण्याची वेळ आणि दुपारनंतरचा त्याचा जोर यांत अंदाज चुकण्याचा संभव असतो. म्हणून दिवसाला एकच आकडा देणारे ॲप किनाऱ्यालगतच्या कामासाठी निरुपयोगी होय. किमान तीन तासांच्या, शक्य तर एका तासाच्या अंतराने वेग आणि दिशा दाखवणारे ॲप निवडावे. सकाळच्या शांत पाण्यावर भाळून दूर गेलेल्या पर्यटक बोटीला परतताना समोरून येणारा वायव्येचा वारा आणि आखूड लाटा यांचा सामना करावा लागतो आणि ही अडचण तासवार तक्त्यात आधीच वाचता येते.

लाट : केवळ उंची पुरेशी नाही

सागरी ॲप आणि सर्वसाधारण हवामान ॲप यांतील खरा फरक लाटांच्या माहितीत आहे. ॲपमध्ये ‘लाटेची उंची’ म्हणून जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा सार्थ लाटउंचीचा असतो. म्हणजे एका कालखंडातील लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची. त्यामुळे तक्त्यात दीड मीटर लिहिलेले असताना त्याच समुद्रात अधूनमधून जवळपास तीन मीटरची एखादी लाट येणे हे अपवादात्मक नसून अपेक्षितच असते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला अंदाज चुकला असे वाटते, पण प्रत्यक्षात वाचण्यात चूक झालेली असते.

उंचीइतकाच महत्त्वाचा आकडा कालावधीचा, म्हणजे लाटेचा एक माथा गेल्यानंतर दुसरा माथा येईपर्यंत जाणाऱ्या सेकंदांचा. खोल पाण्यात ५ सेकंद कालावधीच्या दोन लाटांच्या माथ्यांमधील अंतर सुमारे ३९ मीटर असते, तर १४ सेकंदांच्या लाटांमध्ये ते ३०० मीटरहून अधिक भरते. दीड मीटर उंचीची ५ सेकंदांची लाट उभी आणि आखूड असते, ती बोटीवर एकामागून एक आदळते आणि खलाशांना जाळे ओढणे अवघड करते. त्याच उंचीची १४ सेकंदांची लाट खोल पाण्यात बोटीला अलगद वर उचलून खाली सोडते. हीच लांब लाट उथळ पाण्यात मात्र स्वभाव बदलते. लाटेला तळाचा स्पर्श तिच्या लांबीच्या सुमारे निम्म्या खोलीपासून जाणवू लागतो, म्हणून लांब लाट किनाऱ्यापासून बरीच दूर असतानाच मंदावू लागते, उथळ भागात उंचावते आणि खाडीच्या तोंडावरील वाळूच्या दांड्यावर जोराने फुटते. बाहेर समुद्र शांत आणि खाडीचे तोंड धोकादायक, असा प्रकार यामुळे घडतो.

अशा लांब लाटा स्थानिक वाऱ्याने तयार होत नाहीत. दक्षिण महासागरातील वादळांतून निघून, हजारो किलोमीटरचा प्रवास करून, कित्येक दिवसांनी त्या भारताच्या किनाऱ्याला लागतात आणि त्यांना स्वेल म्हणतात. वारा पडलेला आणि आभाळ निरभ्र असतानाही केरळच्या किनाऱ्यावर या लाटांनी अचानक पाणी चढते व तेथे त्या घटनेला ‘कल्लक्कडल’ असे नाव आहे. म्हणून स्थानिक वाऱ्याच्या लाटा आणि स्वेल यांची उंची, दिशा व कालावधी वेगवेगळे दाखवणारे ॲप निवडावे. दोन्ही एकत्र करून एकच आकडा देणारे ॲप नाविकाला आवश्यक असलेली अर्धी माहिती गाळून टाकते.

भरती-ओहोटी आणि स्थानिक पाणी

भरती-ओहोटीच्या वेळा हवामानावर नव्हे, तर चंद्र-सूर्याच्या आकर्षणावर ठरतात, म्हणून त्यांचा अंदाज वर्षभर आधी करता येतो. मात्र तो प्रत्येक बंदरासाठी स्वतंत्र असतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, तर दक्षिणेकडे मालवण-गोव्याच्या किनाऱ्यावर तो त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. ॲपने तक्ता कोणत्या बंदराचा दाखवला आहे हे तपासणे त्यामुळे अनिवार्य ठरते. मुंबईच्या वेळा धरून दुसऱ्या खाडीत शिरणाऱ्या बोटीला वाळूचा दांडा ओलांडण्याइतके पाणी मिळेलच असे नाही. शिवाय ओहोटीचे पाणी खाडीतून जोराने बाहेर पडत असताना समोरून वारा किंवा स्वेल आली तर तोंडावरच्या लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यामुळे भरती-ओहोटी, वारा आणि लाट ही तिन्ही माहिती एकाच तासाच्या रकान्यात शेजारी दाखवणारे ॲप निर्णयाला सर्वाधिक मदत करते.

इशारा हा अंदाजाहून वरचा

ॲपमधील आकडा ही यंत्राने काढलेली शक्यता असते, तर शासकीय इशाऱ्यामागे अनेक प्रारूपे, उपग्रहचित्रे आणि रडार यांचा अभ्यास करून तज्ज्ञांनी घेतलेला निर्णय असतो आणि त्यामागे जबाबदारीही असते. म्हणून परदेशी ॲप कितीही सुबक असले तरी त्याच्या जोडीला भारतीय संस्थांचे स्रोत मोबाइलमध्ये असलेच पाहिजेत. भारतीय हवामान विभागाचे ‘मौसम’ ॲप २०२० पासून उपलब्ध आहे आणि विभागाकडून मच्छीमारांसाठी स्वतंत्र इशारेही दिले जातात. विजेच्या धोक्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. मोसमी पावसाच्या आधी व नंतर, जेव्हा गडगडाटी ढग अचानक उभे राहतात, तेव्हा ते विशेष उपयोगी पडते. समुद्राच्या स्थितीसाठी हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, लाटा, वारे आणि प्रवाह यांचे अंदाज, उंच लाटांचे इशारे आणि स्वेलमुळे चढणाऱ्या पाण्याचे इशारे देते. या केंद्राचे ‘समुद्र’ हे ॲप आहे.

इन्कॉइसकडून मिळणारी संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना मात्र निराळ्या हेतूची आहे. उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि हरितद्रव्याचे प्रमाण यांवरून मासळी कोठे एकवटण्याचा संभव आहे हे त्यात सांगितलेले असते. मासळी कोठे मिळेल याची ही सूचना म्हणजे तेथे जाणे सुरक्षित आहे याची हमी नव्हे. दोन्ही प्रकारची माहिती एकाच पडद्यावर देणाऱ्या ॲपमध्ये प्रथम समुद्रस्थिती आणि मगच मासेमारीचे क्षेत्र पाहण्याचा क्रम पाळावा.

इशारा नाही म्हणजे निघायला हरकत नाही, असाही एक समज आढळतो. मच्छीमारांसाठीच्या इशाऱ्यांत बहुधा वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास आणि झोत ५५ किलोमीटरपर्यंत असे आकडे असतात. म्हणजे सुमारे २४ ते ३० नॉट. उघड्या लहान होडीला याच्या पुष्कळ खालचा वाराही बुडवू शकतो. हीच उणीव ओळखून इन्कॉइसने २०२० मध्ये लहान नौकांसाठी स्वतंत्र सल्लासेवा सुरू केली. तिच्यात नौकेची रुंदी, लाटेची उंची, तिचा उभेपणा आणि वाऱ्याची झपाट्याने होणारी वाढ यांचा विचार करून नौका उलटण्याचा संभव वर्तवला जातो. लहान होडीच्या मालकाने ॲप निवडताना अशी, आपल्या नौकेच्या मापाला लागू पडणारी माहिती मिळते का हे आवर्जून पाहावे.

रंगांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. हवामान विभागाच्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांना ठरलेला अर्थ आहे: हिरव्यात विशेष कृतीची गरज नसते, पिवळा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी सज्ज राहायला आणि लाल कृती करायला. खासगी ॲपमधील रंग हे केवळ आकड्यांचे चित्र असते, त्याची पट्टी वापरणाऱ्यालाही बदलता येते. तेथील हिरवा म्हणजे सुरक्षित असे नव्हे. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा, बावटा लागला असेल तर पडद्यावरचा कोणताही रंग विचारात घेऊ नये.

नेटवर्क संपते तेथून पुढे

किनाऱ्यापासून काही मैल गेल्यावर मोबाइलचे नेटवर्क तुटते आणि ॲप जुनाच अंदाज दाखवत राहते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळ झपाट्याने तीव्र झाले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यावर इशारे दिले जात असताना ते त्यांच्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. त्या वादळात अनेक मच्छीमार दगावले, तर काही बोटींनी उत्तरेकडे येऊन सिंधुदुर्गातील देवगड बंदरात आश्रय घेतला. या अनुभवानंतर अंदाज अचूक असण्याइतकाच तो पोहोचणे महत्त्वाचे हे सर्वांना पटले. २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण आले. ते गगन उपग्रह प्रणालीवरून संदेश घेऊन ब्लूटूथने मोबाइलवरील ॲपला देते, मात्र त्यातून उलट संदेश पाठवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून देशभरासाठी आरंभ झालेल्या ट्रान्सपाँडर योजनेत दुतर्फा संदेशाची सोय आहे. त्यात एक लाख नौकांवर टप्प्याटप्प्याने उपकरणे बसवण्याचे उद्दिष्ट आहे.

म्हणून एका दिवसात परतणाऱ्या होडीने निदान अंदाज उतरवून ठेवता येणारे आणि नेटवर्कविना तो उघडणारे ॲप निवडावे; कित्येक दिवस बाहेर राहणाऱ्या बोटीने मात्र उपग्रहावर चालणाऱ्या उपकरणाला पर्याय म्हणून ॲपकडे पाहू नये. लांबच्या शिडाच्या प्रवासासाठी कमी आकारमानाच्या अंदाज-फायली उपग्रह फोनवर उतरवून देणारी ॲप्स अधिक सोयीची ठरतात. संकटाच्या वेळी उपयोगी पडणारी साधने वेगळी आहेत आणि ती ॲपच्या भरवशावर सोडता येत नाहीत: व्हीएचएफ रेडिओचे १६ क्रमांकाचे चॅनेल, तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हा क्रमांक.

निवडीची प्रत्यक्ष रीत

प्रथम नौका बंदरात असतानाच मर्यादा लिहून ठेवाव्यात: किती नॉट झोतापर्यंत, किती उंचीच्या आणि किती आखूड लाटेपर्यंत, भरतीच्या कोणत्या तासांत ही नौका या खाडीतून बाहेर पडेल. हे आकडे नौकेची लांबी-रुंदी, इंजिन व माणसे पाहून आणि त्या पाण्याच्या जाणत्या तांडेलाला विचारून ठरवावेत. ॲप उघडल्यावर मर्यादा ठरवली तर निघण्याची इच्छा तिला हळूच वर ढकलते.

त्यानंतर दोन किंवा तीन ॲप्स निवडून काही आठवडे त्यांची पडताळणी करावी. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा सकाळ, दुपार आणि सायंकाळचा अंदाज वहीत लिहावा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष वारा व लाट त्याशेजारी नोंदवावी. इन्कॉइसने रत्नागिरी, वर्सोवा यांसारख्या ठिकाणी लाटा मोजणारे बोये ठेवलेले आहेत, त्यांच्या नोंदींशीही हा अंदाज ताडून पाहता येतो. अशा वहीतून एखादे ॲप दुपारचा वारा नेहमी कमी दाखवते किंवा खाडीच्या तोंडावरची लाट त्याला कधीच दिसत नाही असे लक्षात येते आणि चूक ठराविक असेल तर ती धरून वाचन करता येते. ऋतू बदलला की पडताळणी नव्याने करावी, कारण फेब्रुवारीत खरे ठरलेले ॲप ऑक्टोबरच्या गडगडाटी दिवसांत तितकेच खरे ठरेल असे नाही.

पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा. तासवार तक्ता, अधिक प्रारूपे किंवा फायली उतरवण्याची सोय खरोखर वापरात येणार असेल तरच ती घ्यावी. ॲप ठिकाणाची परवानगी मागत असेल तर ती माहिती कोणाला दिसते हेही पाहावे. मासेमारीची जागा हे मच्छीमाराचे भांडवल असते.

अखेरीस, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी वाहतूक व मालवणचे जलपर्यटनही थांबते. हा काळ ॲप्स ताडून पाहण्यासाठी, वही तयार करण्यासाठी आणि बोटीवरील प्रत्येक खलाशाला लाटेचा कालावधी, झोत व अंदाजाची वेळ वाचायला शिकवण्यासाठी वापरावा. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा पाण्यात उतरतील तेव्हा ॲप वाचू शकणारा माणूस एकटा नाखवा नसावा, कारण तोच आजारी पडला किंवा इंजिनाशी झुंजत असला तर निर्णय दुसऱ्या कोणाला तरी घ्यावाच लागतो.